चष्म्याच्या दुकानात आरोग्य कार्ड का चालत नाही?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. वर्षभरापासून त्यांना कमी दिसते. तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, संध्याकाळी ओट्यावरून उतरताना पायरी चुकते. आमचे रेशन कार्ड केशरी आहे आणि आशाताईंनी घरातल्या सगळ्यांची आयुष्मान कार्डे काढून दिली आहेत. ते कार्ड घेऊन आम्ही चष्म्याच्या दोन दुकानांत गेलो, तर दोन्हीकडे ‘असलं कार्ड आमच्याकडं चालत नाही’ असे ऐकावे लागले. एका खासगी दवाखान्यात मोतीबिंदू असल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया योजनेत बसवून देऊ, मात्र चांगल्या लेन्ससाठी वरचे पैसे वेगळे द्यावे लागतील, असेही ते म्हणाले. माझे धाकटे दीर वाळूजला कंपनीत आहेत आणि त्यांच्या पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापले जाते. शिवाय माझ्या सहावीतल्या मुलीलाही फळ्यावरचे नीट दिसत नाही. हे कार्ड घेणारा डोळ्यांचा डॉक्टर आमच्या जवळपास कसा शोधावा?
— एक वाचक, गंगाखेड तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील दोन्ही दुकानदारांनी आपल्याला तोडून उत्तर दिले हे खरे, पण त्यांनी सांगितलेली गोष्ट चुकीची नव्हती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना या आता राज्यात एकत्रित राबवल्या जाणाऱ्या दोन्ही योजना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, चष्म्याचा नंबर काढणे आणि प्रत्यक्ष चष्मा या तिन्ही बाबी त्यांत येत नाहीत, आणि म्हणून चष्म्याचे दुकान किंवा केवळ नंबर काढून देणारा ऑप्टोमेट्रिस्ट या योजनेशी जोडलेला नसतो. गावोगावच्या फलकांवर ‘५ लाखांपर्यंत मोफत उपचार’ हे शब्द चार हातांवरून वाचता येतील एवढे मोठे असतात. रुग्ण दाखल झाल्यावरच हे संरक्षण लागू होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. कार्ड हातात आल्यावर ते कोठेही चालेल असे आपल्याला वाटले, यात आपला काही दोष नाही.

तेव्हा कार्ड घेणारा डॉक्टर शोधण्याआधी आपल्याला तीन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. पहिली म्हणजे सासूबाईंच्या डोळ्यांची पूर्ण तपासणी, दुसरी म्हणजे गरज ठरल्यास शस्त्रक्रिया किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचे (रेटिनाचे) उपचार, आणि तिसरी म्हणजे चष्मा. या तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत आणि त्यांपैकी फक्त मधल्या दरवाजावर कार्ड दाखवायचे असते.

तपासणीसाठी आपल्याला कोणत्याही कार्डाची गरज नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. म्हणजे गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात केस पेपरचेही पैसे पडू नयेत. अशा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद असते, आणि आपल्या भाषेत ज्याला आपण नंबर काढणे म्हणतो ते काम हेच अधिकारी करतात. ते कोणत्या वारी बसतात आणि शिबिरासाठी कोणत्या दिवशी बाहेरगावी असतात, हे आधी आशाताईंकडून किंवा रुग्णालयात एक फोन करून विचारून घ्यावे, कारण एकच अधिकारी अनेक ठिकाणचे काम पाहत असल्यास रिकामी फेरी होण्याची शक्यता असते. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांना मात्र हा निःशुल्क सेवेचा निर्णय लागू नाही. तेथे नाममात्र शुल्क भरावे लागते, तेवढे सुटे पैसे जवळ ठेवावेत.

मात्र नंबर काढण्यापाशी थांबू नये, हे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. सासूबाईंना अनेक वर्षांचा मधुमेह आहे, आणि अशा रुग्णाच्या बाबतीत ‘कमी दिसते’ या तक्रारीमागे मोतीबिंदू हे एकच कारण असेल असे धरून चालता येत नाही. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, तेथे सूज येते किंवा रक्तस्राव होतो, आणि हे सगळे बराच काळ दुखल्या-खुपल्याशिवाय चालू राहते. मोतीबिंदू काढून नवीन लेन्स बसवली आणि मागचा पडदाच खराब असला, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दिसायला फारसे लागत नाही, आणि मग घरातले लोक डॉक्टरला किंवा नशिबाला बोल लावतात. म्हणून ‘बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासून द्या’ हे वाक्य आपण स्वतः उच्चारावे. थेंब टाकल्यावर परिणाम होण्यास साधारण अर्धा तास लागतो आणि त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सहन होत नाही. तेव्हा सोबत एक माणूस आणि उन्हासाठी रुंद पदर, टोपी किंवा गॉगल असावा, आणि परतीच्या प्रवासात त्यांना एकटे सोडू नये.

साखरेचा आणखी एक परिणाम लोकांना ठाऊक नसतो. रक्तातील साखर खूप वर-खाली होत असताना डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची स्थितीही बदलते आणि चष्म्याचा नंबर काही दिवसांपुरता सरकतो. साखर तीनशेच्या आसपास असताना काढलेल्या नंबरचा चष्मा साखर आटोक्यात आल्यावर निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून आधी साखर तपासून, औषधे नियमित करून, ती काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा घ्यावा. चष्म्यावर दोनदा खर्च करण्यापेक्षा हे थांबणे परवडते. पडद्याच्या तपासणीला मात्र थांबू नये, ती तातडीने करावी.

आता कार्डाचा दरवाजा पाहू. आपल्यासारख्या कुटुंबाचा या योजनेवरचा हक्क मराठवाड्यात तरी जुना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली, आणि नंतरच्या काळात शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील (त्यांत मराठवाड्यातील आठही जिल्हे आले) पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही सातबाऱ्याच्या आधारे लाभ देण्यात आला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आली आणि संरक्षणाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झाली. याशिवाय सासूबाईंनी सत्तरी ओलांडलेली असल्याने त्या आयुष्मान वय वंदना कार्डासही पात्र आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या कार्डासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि आधीपासून योजनेत असलेल्या कुटुंबातील सत्तर वर्षांवरील व्यक्तींना ५ लाखांचे स्वतंत्र संरक्षण मिळते. आधार कार्डावरील जन्मतारीख त्यासाठी ग्राह्य धरली जाते. आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या आधारवर पुष्कळदा १ जानेवारी ही तारीख आणि अंदाजाने लिहिलेले वर्ष असते, ते एकदा नीट पाहून घ्यावे.

रुग्णालय शोधताना एक बारकावा सांभाळावा लागतो. कोणतेही रुग्णालय ‘योजनेत आहे’ एवढी माहिती पुरेशी नसते, कारण अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेले, रुग्णालय हे ठरावीक विशेषज्ञतांसाठी अंगीकृत असते. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असलेल्या रुग्णालयात डोळ्यांचा विभाग योजनेबाहेर असू शकतो. उलट, योजनेच्या यादीत नेत्रशस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग असला, तरी त्यातील काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेले असतात. म्हणून १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या निःशुल्क क्रमांकावर, किंवा आयुष्मान भारतच्या १४५५५ या क्रमांकावर फोन करून ‘परभणी, नांदेड, लातूर आणि बीड जिल्ह्यांत नेत्रविभागासाठी अंगीकृत असलेली रुग्णालये कोणती’ असे विचारावे. जिल्हा एकच सांगितला तर उत्तर तेवढ्यापुरतेच मिळते, आणि गंगाखेडहून परळीमार्गे अंबाजोगाई गाठणे काही फार अवघड नाही. नाव मिळाल्यावर त्या रुग्णालयात फोन करून आरोग्यमित्राशी बोलायचे असल्याचे सांगावे. आरोग्यमित्र हा योजनेचा माणूस रुग्णालयात बसलेला असतो, आणि त्याला विचारायचे ते असे : आपल्याकडे डोळ्यांचा विभाग आज योजनेत चालू आहे का, डॉक्टरांनी लिहून दिलेला हा उपचार यादीत आहे का, तो खासगी रुग्णालयात करता येतो की सरकारीसाठी राखीव आहे, आणि आम्हाला स्वतःच्या खिशातून काही भरावे लागेल का. या चार प्रश्नांची उत्तरे फोनवरच मिळाली, तर निम्मी पायपीट वाचते. संभाषण संपताना समोरच्याचे नाव विचारून वहीत लिहून ठेवावे. नाव विचारले की माणूस जरा जपून उत्तर देतो.

जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड आणि आधीच्या तपासण्यांचे कागद मूळ प्रतींसह न्यावेत. अडचण बहुधा नावाची होते. रेशन कार्डावर ‘सोनाबाई’ आणि आधारवर ‘सुवर्णा’, किंवा एकीकडे नवऱ्याचे नाव नि दुसरीकडे वडिलांचे, असा फरक असला की नोंदणी अडते. ही दुरुस्ती रुग्ण दाखल झाल्यावर करत बसण्यापेक्षा आधीच आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा तहसीलच्या पुरवठा विभागातून करून घेतलेली बरी. कागद बरोबर असले की रुग्णालय योजनेकडे उपचाराची पूर्वपरवानगी मागते, ती आल्यावर उपचार होतात, आणि पैशांचा व्यवहार रुग्णालय व योजना यांच्यातच राहतो.

आपल्या पत्रातील ‘चांगल्या लेन्ससाठी वरचे पैसे’ हे वाक्य वाचून मला खटकले. योजना रोकडरहित आहे. पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, औषधे, आवश्यक तपासण्या, रुग्णाचे जेवण आणि शरीरात बसवले जाणारे साहित्य यांचा समावेश असतो, इतकेच काय, मूळ योजनेत रुग्णाला घरी परतण्यासाठी एसटीच्या दराने एकवेळचे भाडे देण्याची तरतूद आहे. मग पॅकेजमधल्याच लेन्सवर वरची रक्कम कशाची? महागड्या लेन्स बाजारात असतात आणि ज्याला परवडतात त्याने त्या जरूर घ्याव्यात, परंतु नेहमीच्या लेन्सने दृष्टी येत नाही असे कोणी सुचवत असेल तर ते खरे नाही. कोणी योजनेच्या रुग्णाकडून पैसे मागितले तर ‘याची पावती द्या’ एवढेच शांतपणे म्हणावे. पावती मिळाली तर तक्रारीला आधार होतो. मिळाली नाही तर आपण काय ते समजावे आणि वरील क्रमांकावर किंवा योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी कळवावे.

खरे तर साध्या मोतीबिंदूसाठी या कार्डावर अडून बसण्याची गरजच नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि त्यातून सरकारी रुग्णालयांत तसेच कार्यक्रमाशी जोडलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लेन्ससह मोफत होते. गंगाखेडच्या आसपासचा विचार केला तर परभणीचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही ठिकाणे आवाक्यात आहेत. पडद्याची गुंतागुंत निघाली तर मी आपल्याला थेट वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठण्याचा सल्ला देईन, कारण मोतीबिंदूचा सर्जन आणि पडद्याचा तज्ज्ञ ही पुष्कळदा वेगळी माणसे असतात. लेसर, काचबिंदू किंवा पडद्यावरील शस्त्रक्रिया अशा ठिकाणी कार्डाचा खरा उपयोग होतो. सरकारी रुग्णालयात रांग असते, थोडे थांबावे लागते, आणि एखादा कर्मचारी वसकन अंगावर येतो हेही खरे. पण तेथे सासूबाईंचा केवळ मोतीबिंदू न पाहता साखर आणि रक्तदाबही पाहिला जाईल, आणि त्यांच्या बाबतीत मला ते जास्त महत्त्वाचे वाटते.

मोतीबिंदू ‘पिकू द्या, मग काढू’ असे शेजारीपाजारी सांगतील. ती जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातील गोष्ट झाली. आता रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते, आणि पायरी चुकून पडणे हा ७१ व्या वर्षी मोतीबिंदूपेक्षा मोठा धोका आहे. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अधिक कठीण जाते. गावात होणाऱ्या शिबिरात तपासणी करून घेण्यास हरकत नाही, मात्र शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होणार, दुसऱ्या दिवशी पट्टी कोण काढणार आणि पुढील तपासण्यांना नेण्या-आणण्याची सोय कोण करणार, हे विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये. शाळेच्या खोलीत किंवा मंगल कार्यालयात शस्त्रक्रिया करण्याचे दिवस मागे पडले आहेत. ती सुसज्ज शस्त्रक्रियागृहातच झाली पाहिजे.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्गही डोळ्यांसमोर असू द्यावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. मराठवाड्यात जालन्याचे गणपती नेत्रालय आणि उदगीरचे लायन्सचे नेत्र रुग्णालय ही केवळ डोळ्यांसाठी असलेली मोठी नावे लोकांना परिचित आहेत. तेथे जाण्याआधी कोणता उपचार कोणत्या योजनेतून होईल, हे वर सांगितलेल्याच पद्धतीने विचारून घ्यावे.

आपल्या दिरांच्या ईएसआयसीविषयी थोडे लिहितो, कारण पत्रात आपण ते सहज लिहून गेलात, पण बाह्यरुग्ण तपासणीचाही समावेश असलेला सरकारी विमा आपल्या घरात तो एकच आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येतो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचीही, त्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास, कुटुंबात नोंद करता येते. सासूबाईंचे नाव दिरांच्या नोंदणीत आहे का, एवढे त्यांनी कंपनीच्या कार्यालयात विचारावे. असल्यास छत्रपती संभाजीनगरला दिरांकडे चार दिवस राहून कामगार विम्याच्या दवाखान्यातून तपासणी आणि पुढची चिठ्ठी घेता येईल. अडीअडचणीला घाटी रुग्णालयही तेथेच आहे.

चष्म्याच्या पैशांसाठी वेगळी सोय आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील आणि २ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यभूत साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये थेट बँक खात्यात दिले जातात, आणि त्या साधनांत चष्म्याचा समावेश आहे. अर्जाची चौकशी परभणीच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात करावी. चष्मा घेतल्याचे पक्के बिल जपून ठेवावे. शस्त्रक्रिया होणार असेल, तर त्याआधी चष्मा करूच नये, कारण लेन्स बसल्यावर नंबर पूर्णपणे बदलतो आणि तो स्थिरावण्यास साधारण महिना-दीड महिना लागतो.

आपल्या मुलीचे काम त्या मानाने सोपे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळांमध्ये तपासणीला येते, आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून दृष्टिदोष असलेल्या शालेय मुलांना मोफत चष्मे दिले जातात. मुख्याध्यापकांना भेटून पथक कधी येणार ते विचारावे. तारीख लांब असेल तर वाट न पाहता सासूबाईंसोबतच तिलाही उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. लहान मुलांचाही नंबर थेंब टाकूनच नीट निघतो, तेव्हा केवळ यंत्रासमोर बसवून दोन मिनिटांत दिलेल्या नंबरवर समाधान मानू नये. तोवर तिला वर्गात पहिल्या बाकावर बसवण्याची विनंती बाईंना करावी.

आणि जर मधल्या काळात सासूबाईंना एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे झाले, डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखे वाटले, काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव झाला किंवा डोळा लाल होऊन डोकेदुखीसह उलट्या सुरू झाल्या, तर कार्ड, यादी, पूर्वपरवानगी यांपैकी कशाचाही विचार न करता त्याच दिवशी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घेऊन कागदपत्रे नंतर सादर करण्याची मुभा योजनेत आहे. आरोग्यमित्राला तसे सांगावे.